ठाण्याचे पाहुणे, अडीच दिवस आणि पणजी: काय दाखवू, काय टाळू?

मळ्यातली_माई
नमस्कार मंडळी. ६ डिसेंबरला, शनिवारी सकाळी, कोकणकन्येने माझ्या मोठ्या वन्सं, त्यांचे यजमान आणि वन्संच्या सासूबाई येताहेत. सोमवारी संध्याकाळच्या गाडीने परत. याआधी दोनदा ते गोव्याला येऊन गेले. दोन्ही वेळा मुक्काम कळंगुटला, आणि माझी भेट कदंबा स्टँडवर उभ्या उभ्या. या वेळी मी हट्टाने घरी बोलावलंय. तर वन्सं फोनवर म्हणाल्या, "अगं, पण पणजीत अडीच दिवस करायचं काय?"

मला ते लागलं. २२ वर्षं झाली मला या गावात. मी मूळची डोंबिवलीची, पण आता मांडवीचं पाणी दिसलं नाही तर दिवस उगवल्यासारखा वाटत नाही. त्यांना हे गाव आवडावं असं मनापासून वाटतं.

माहिती अशी: सासूबाई ७६ वर्षांच्या, गुडघे दुखतात. सोमवारी त्या मांसाहार करत नाहीत. वन्संचे यजमान निवृत्त मराठीचे शिक्षक, पुस्तकं आणि इतिहास म्हणजे जीव की प्राण. वन्संना मासे आणि बाजारहाट. गाडी आमच्याकडे एकच, तीही छोटी. समुद्रकिनारा मुद्दाम नको. सांगा.

सांतइनेजकर
पहिलं काम: करमळीला उतरवून घ्या, मडगावपर्यंत जाऊ देऊ नका. करमळीहून पणजी दहा-बारा किलोमीटर. आणि येताना बायपासने न आणता रायबंदरच्या जुन्या रस्त्याने आणा. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. हा बांध पोर्तुगीजांनी १६३४ च्या सुमारास पुरा केला, सुमारे तीन किलोमीटर लांब, आणि आजही त्यावरून बस जाते. मास्तरांना गाडीतच हे सांगा, ते खूश होतील.

पोईवाला
शनिवारी सकाळी पोचले की आंघोळ-बिंघोळ नंतर. आधी भाजीपाव. कॅफे ताटो किंवा कॅफे भोसले, दोन्हीपैकी जिथे बसायला जागा मिळेल तिथे. सुकी भाजी आणि पातळ भाजी मिसळून मागवा, सोबत बन्स. विषय संपला.

ताळगावची_वांगी
पोईवाला, +१. फक्त एक सांगते. मुंबईकडची माणसं भाजीपाव ऐकलं की पावभाजी समजतात आणि लोणी शोधत बसतात. आधीच सांगून ठेवा की ही बटाट्याची सुकी आणि वाटाण्याची पातळ, खोबऱ्याच्या वाटपाची. माझे मामा पहिल्यांदा आले तेव्हा बारीक चेहरा करून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तेच आधी तयार.

कोल्हापूरची_सून
फोंतान्यास, म्हणजे पणजीची जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती, ती तर पाहिजेच! पिवळी-निळी घरं, लाल दारं, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं. मी गेले होते तेव्हा दोनशे फोटो काढले. संध्याकाळी चारनंतर जा, उजेड छान असतो.

रुआ_द_ओरें
कोल्हापूरची सून, तुमच्यावर राग नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. मी त्याच गल्लीत राहते. आमचं घर आजेसासऱ्यांच्या वेळेपासून भाड्याचं, दाराला तीन पायऱ्या आणि बाजूला बसायला सोपो. गेल्या मे महिन्यात सासरे आजारी होते. दुपारी दोनला दाराशी आवाज आला म्हणून उघडलं, तर लग्नाआधीचे फोटो काढणारी मंडळी. मुलगी आमच्या सोप्यावर झगा पसरून बसलेली, आणि फोटोवाला मला म्हणतो, "मॅडम, जरा दार लावून घ्या ना, फ्रेममध्ये येताय." माझ्याच घराचं दार! मी काही बोलले नाही, दार लावलं आणि आत येऊन रडले.

सासरे गेले जूनमध्ये. त्या आजारपणातली ती दुपार अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून माई, पाहुण्यांना आमच्या गल्लीत जरूर आणा. पण चालत आणा, हळू आवाजात आणा, आणि कुणाच्या पायरीवर बसू देऊ नका. बाकी काही मागणं नाही.

कोल्हापूरची_सून
ताई, वाचून वाईट वाटलं. मीसुद्धा एका पायरीवर बसून फोटो काढला होता. घर बंद होतं म्हणून वाटलं कुणी राहत नसेल. क्षमा असावी. तो फोटो काढून टाकते.

रुआ_द_ओरें
अहो, ठेवा तो फोटो. परत याल तेव्हा सांगा, आमच्याकडे चहाला या.

दिवाडकर
ओरेंबाय बोलली ते खरं आहे. मग गल्लीत बघायचं काय? माझं उत्तर: सेंट सेबॅस्टियनचं कपेल, म्हणजे छोटं चर्च. आतला क्रूस नीट बघा. एरवी येशूची मान खाली झुकलेली असते, डोळे मिटलेले. इथे मान ताठ आणि डोळे उघडे. हा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मचौकशीच्या, वाड्यात होता. ज्यांना तिथे उभं केलं जायचं, त्यांच्याकडे हे डोळे बघत असायचे. मी हिंदू, पण त्या कपेलात गेलो की आपोआप गप्प होतो.

सांतइनेजकर
रस्त्यांची नावंही दाखवा मास्तरांना. एका बाजूला ३१ जानेवारी रस्ता, दुसरीकडे १८ जून रस्ता. पहिली तारीख पोर्तुगालमधली, १८९१ साली पोर्तो शहरात राजाविरुद्ध उठाव झाला त्याची. दुसरी तारीख आपली, १९४६ साली मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभा घेतली त्याची. दोन्ही रस्ते एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, तरी ती जुनी तारीख लोकांच्या तोंडी राहिली.

करमळी_ते_कुर्ला
मांडवीतली बोटीची सफर विसरलात सगळे. सांता मोनिका जेटीवरून संध्याकाळी तासाभराची असते, गाणी-नाच असतं. म्हाताऱ्या माणसांना बसून बघता येतं.

पोईवाला
कुर्लाभाऊ, माझा याला विरोध. संध्याकाळी त्या बाजूला कॅसिनोंची गर्दी, गाड्या लावायला जागा नाही, आणि सासूबाईंच्या कानांना तो आवाज झेपायचा नाही. त्यापेक्षा बेतीची फेरीबोट. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. नदीच्या मधोमध गेलं की एकीकडे पणजी, दुसरीकडे बेती, नदीच्या वरच्या अंगाला पूल, आणि वारा. पलीकडे उतरून टपरीवर चहा घ्यायचा आणि पुढच्या फेरीने परत.

करमळी_ते_कुर्ला
पण फेरीबोटीत बसायला जागा कुठे? गुडघे दुखणाऱ्या बाईंना उभं करायचं का?

पोईवाला
कडेला बाक असतात. गर्दीची वेळ सोडून गेलं की मिळतात. कामावरून सुटणाऱ्यांच्या वेळेला मात्र नको, तेव्हा स्कूटरींची दाटी असते.

दिवाडकर
फेरीबोट म्हटली की मला गप्प बसवत नाही. मी दिवाडी बेटावरचा, जन्मापासून फेरीनेच शाळा, फेरीनेच वरात. मास्तरांसाठी एक वाट सांगतो, ती पणजीचं नाव बुडवणार नाही.

रविवारी सकाळी जुन्या गोव्याला जा. बॉम जेझूस आणि से कॅथेड्रल ही चर्चं बघा. रविवारी मिसा म्हणजे प्रार्थना असतात, तेव्हा आतल्या माणसांना त्रास न देता. मग व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ धक्क्यावर, तिथून फेरीने दिवाडी. बेट पार करून दुसऱ्या टोकाला पुन्हा फेरी, आणि पलीकडे डिचोली तालुक्यातलं नार्वे. तिथे सप्तकोटेश्वर. कदंब राजांचं हे दैवत मूळचं आमच्या दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी देऊळ मोडलं, लिंग नदीपार नार्व्याला गेलं, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्याने बांधवलं. दारावर शिलालेख आहे. मराठीचा मास्तर ते दार बघून हलायचा नाही, लिहून घ्या.

देवळाच्या बाहेर माडापोफळींची सावली आहे. सासूबाईंना तिथे बसवा. मी लहान असताना आजी मला पाण्यापलीकडे बोट दाखवून सांगायची, "आपला देव थंय रावता." आपला देव पलीकडे राहतो. नदी ओलांडून देवाकडे जायचं हे मला तेव्हा अगदी साधं वाटायचं, मोठा झाल्यावर कळलं का ते.

मळ्यातली_माई
दिवाडकर, हे वाचून अंगावर काटा आला. २२ वर्षांत मी एकदाही नार्व्याला गेले नाही. हे नक्की.

ताळगावची_वांगी
आता पोटाचं बघा. शनिवारी दुपारी वन्संना माशाची थाळी. मी ३१ जानेवारी रस्त्यावरच्या आनंदाश्रमात नेते माझ्या पाहुण्यांना. जागा लहान, वाट बघावी लागते, पण घरच्यासारखं. रिट्झ क्लासिकमध्येही थाळी चांगली, तिथे एकनंतर गेलं की रांग. हुमण, किसमूर, तळलेला बांगडा किंवा इसवण, तिसऱ्या, सोलकढी. चोनाक मिळाला तर रवा लावून तळलेला सोडू नका.

सांतइनेजकर
आणि बाजार सकाळीच. रविवारी बाजार थंड असतो आणि दुकानंही बहुतेक बंद, त्यामुळे बाजारहाट शनिवारी उरका. दुपारी एक ते साधारण चार दुकानं बंद, हेही आधी सांगून ठेवा. मुंबईच्या माणसाला वाटतं संप आहे. आमच्याकडे दुपारी माणूस जेवतो आणि झोपतो.

रुआ_द_ओरें
बाजारात वन्संना नुस्तेंवालीशी, म्हणजे मासेवालीशी, बोलू द्या. माझी एक ठरलेली आहे. मी गेले की टोपलीवरचं फडकं अर्धंच उचलते, आधी माझं तोंड बघते. पाहुणे आलेत का, किती जण, तळायचं की कालवणाचं, एवढं विचारून मग खालून काढते. बांगड्याचं कल्लं बोटाने उघडून दाखवते, आतून लाल रक्तासारखं असलं तरच घ्यायचं. "आयज हें व्हर, बाय, तें नाका." ज्या दिवशी ती "नको" म्हणते, त्या दिवशी मी डाळ करते.

ताळगावची_वांगी
हे अगदी! आणि जून-जुलैत येणाऱ्यांनी ट्रॉलरचा मासा मागू नये. तेव्हा ६१ दिवस मासेमारीला बंदी असते. तेव्हा खाडीचं, नदीचं आणि सुकं खावं.

कोल्हापूरची_सून
सोमवारी शाकाहारी काय मिळेल? आमच्याकडे लोक म्हणतात गोव्यात शाकाहाऱ्याचे हाल.

ताळगावची_वांगी
कोण म्हणतं? गोव्यातली हिंदू घरं सोमवारी, कुणी गुरुवारी, श्रावणात आणि चतुर्थीला शाकाहारीच असतात. मुगागाठी, खतखतें म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, अळूचं, आंबाड्यांचं सासंव. माई, सोमवारी घरीच करा. खतखत्यात तिरफळं घाला, सासूबाई पुन्हा मागतील.

करमळी_ते_कुर्ला
अवांतर: तिरफळं मुंबईत कुठे मिळतात? दादरला मिळतात पण वास नसतो.

पोईवाला
कुर्लाभाऊ, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पाठवतो, पत्ता निरोपात द्या.

दिवाडकर
अवांतरात अवांतर: तिरफळं डब्यात नको, कापडाच्या पिशवीत ठेवा.

कॅम्पालचा_पिंपळ
उशिरा आलो. मास्तरांसाठी तीन ठिकाणं.

एक, पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय. १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. सोळाव्या शतकातल्या कृष्णदास शामांचं नाव दिलेलं आहे. मराठी पुस्तकांचा मोठा साठा. मी नोकरीला लागायच्या आधी दोन वर्षं तिथे अभ्यास केला. अनुक्रमांक शोधता आला नाही की कर्मचारी उठून स्वतः आणून द्यायचे. माझ्या नोकरीत त्या माणसांचा वाटा आहे. वेळ बघून जा.

दोन, आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या टाइलांवरची चित्रं. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचं काम, १९३५ चं. वास्को द गामाच्या सफरीचे प्रसंग आहेत. ऊन डोक्यावर आलं की आत शिरायचं, पाच मिनिटं थंड जमिनीवर उभं राहायचं आणि निळा रंग बघायचा.

तीन, जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियाचा पुतळा. संमोहनाच्या शास्त्रातलं मोठं नाव, जन्म १७५६, आपल्या कांदोळीचा. पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला, १९४५ चा. शेजारचं सचिवालय म्हणजे आदिलशहाचा वाडा. येणारे-जाणारे भूत समजून पुढे जातात. थांबवा त्यांना, हात बघा त्या पुतळ्याचे.

सांतइनेजकर
पिंपळभाऊ, कला अकादमी राहिली. चार्ल्स कोरियांची इमारत, नदीच्या काठावर, आतल्या नाट्यगृहाला मास्टर दीनानाथांचं नाव. आमच्या मराठी नाट्यस्पर्धा तिथेच. लहानपणी वडिलांबरोबर रात्री बारापर्यंत नाटक बघून कांपालच्या झाडांखालून चालत घरी यायचो.

मळ्यातली_माई
एक मोठा प्रश्न. पणजीच्या मोठ्या चर्चच्या पायऱ्या सासूबाईंना जमणार नाहीत. आणि ८ डिसेंबर म्हणजे सोमवार, नेमकं तिथलं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव.

रुआ_द_ओरें
अगं, मग तुझं नशीब! वर चढायचंच नाही. समोरच्या बागेत, गार्सिया द ओर्ताच्या, बाकावर बसा. तिथून नागमोडी पायऱ्या, पांढरं चर्च आणि वरची घंटा, सगळं एका नजरेत. ही घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली. गोव्यात मोठेपणात दुसरी, पहिली से कॅथेड्रलची. फेस्ताच्या दिवशी ती वाजते तेव्हा बाकावर बसलेल्या माणसाच्याही छातीत घुमते. खाली फेरी, म्हणजे जत्रेसारखा बाजार, भरते. खाजें घ्या, गुळाचं, आल्याचं, वर तीळ लावलेलं. सासूबाईंच्या दातांना चालणार नाही, पण तोंडात ठेवून विरघळवता येतं.

दिवाडकर
आणि तिथून महालक्ष्मीला न्या. १८१८ चं देऊळ. पोर्तुगीज राजवटीत पणजीत देऊळ बांधायची परवानगी मिळाली ती या देवीसाठी. सोमवारी संध्याकाळी गाडीला निघण्याआधी ओटी भरता येईल.

कोल्हापूरची_सून
फिरायला काय करायचं? गाडी छोटी आहे म्हणताय.

पोईवाला
पायलट! पुढचं मडगार्ड पिवळं असतं ती मोटरसायकल, तीच टॅक्सी. मास्तरांना ग्रंथालयात सोडायला उत्तम. बैठक रुंद असते, आणि पायलटला गल्लीतलं सगळं ठाऊक. भाडं आधी ठरवा.

सांतइनेजकर
सासूबाईंसाठी गाडी ठेवा. चर्च चौकात लावायला जागा मिळणार नाही, फेस्ताच्या दिवशी तर नाहीच. आधी सोडा, मग लांब लावून चालत या.

मळ्यातली_माई
सर्वांचे मनापासून आभार. मग ठरलं असं. शनिवारी रायबंदरचा रस्ता, भाजीपाव, बाजार, थाळी, दुपारी झोप, संध्याकाळी बेतीची फेरी. रविवारी जुनं गोवें, दिवाडी, नार्वे. सोमवारी सकाळी मास्तर ग्रंथालयात, आम्ही फोंतान्यासमध्ये हळू आवाजात, घरी खतखतें, मग चर्च चौक आणि महालक्ष्मी. काय झालं ते नंतर येऊन सांगते.

मळ्यातली_माई (१० डिसेंबर)
पाहुणे गेले. घर रिकामं वाटतंय.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं नाही. शनिवारी गाडी दोन तास उशिरा आली, त्यामुळे ताटोत भाजी संपत आलेली. शेवटच्या दोन ताटल्या आम्ही पाच जणांत वाटून खाल्ल्या. वन्संनी बाजारात ओरेंच्या नुस्तेंवालीसारखीच एक बाई शोधून काढली आणि अर्धा तास तिच्याशी ठाण्यातल्या माशांच्या भावाबद्दल बोलत बसल्या.

दिवाडकर, तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. नार्व्याच्या दारापाशी मास्तर उभे राहिले. शिलालेखावर हात न लावता, बोट हवेत धरून, एकेक अक्षर वाचायचा प्रयत्न करत होते. चष्मा काढला, पुसला, परत घातला. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. मास्तर वळून म्हणाले, "आई, ३५ वर्षं मी शिवाजी महाराज शिकवले. हे मला आत्ता दिसतंय." आम्ही सगळेच काही वेळ काही बोललो नाही. परतीच्या फेरीची वेळ टळली, पुढच्या फेरीला अर्धा तास थांबलो, आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

सोमवारी फोंतान्यासमध्ये ओरेंबाईंनी हाक मारली. आम्ही पायरीवर बसलो नाही, आत बसलो. चहा, बिबिंक आणि सासऱ्यांचा फोटो. सासूबाई आणि त्या, दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या.

रुआ_द_ओरें
माई, त्यांनी जाताना माझ्या हातात ठाण्याहून आणलेल्या तिळगुळाच्या वड्या ठेवल्या. संक्रांतीला अजून महिना आहे म्हटलं, तर म्हणाल्या, "तेव्हा मी इथे नसेन, म्हणून आत्ता."

दिवाडकर
मास्तरांना सांगा, पुढच्या वेळी आमच्याकडे जेवायचं. दिवाडीवर कोटीतीर्थ दाखवायचं राहिलं. पुष्करणी आहे, मूळ देवळाच्या जागेजवळ.

पोईवाला
आणि पोई? आपल्या कोंड्याच्या पावाच्या पोई नेल्या की नाही?

मळ्यातली_माई
पोदेर, आपला पाववाला, सकाळी सहाला भोंगा वाजवत येतो ना, सासूबाई त्याच्या आधी उठून गेटवर. सोमवारी त्याच्या टोपलीतल्या एक डझन पोई विकत घेतल्या आणि त्याला विचारलं, "बाबा, उद्या ठाण्याला येशील का?" तो हसला आणि दोन उंडे वरून घातले. काल रात्री फोन आला, सकाळी चहाबरोबर शेवटची पोई संपली म्हणून. फेब्रुवारीत आमच्या मळ्याच्या मारुतीची जत्रा असते, तेव्हा यायचं ठरवलंय. या वेळी आठ दिवस.

ताळगावची_वांगी
आठ दिवस! मग वांग्यांची सोय माझ्याकडे. माई, किती किलो आणू?